सर्व्हर चालू झालाय म्हनायलंय

सॉफ्टवेअर बसवायच्या सूचना लिहिणारा माणूस कधी परभणी जिल्ह्यात राहिलेला नसतो. राहिला असता तर पहिल्याच पायरीवर 'आधी लाइट आहे का बघा' असं लिहिलं असतं.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला 'ब' वर्गातून 'अ' वर्गात जायचंय. शेजारच्या वाचनालयात कॉम्प्युटर आला हे कळल्यापासून अध्यक्ष अण्णांना जेवण गोड लागेना. मी शाळेत लेकरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म ऑनलाइन भरतो, म्हणजे मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असा गावाचा ठाम समज. अण्णांनी बोलावून घेतलं. "बसवून टाका सर. बनी तो बनी, नहीं तो परभणी!" पैशाचं विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागले.

म्हणून 'कोहा' हे सॉफ्टवेअर निवडलं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि खास ग्रंथालयांसाठीच केलेलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयाची जुनी यंत्रणा सन २००० उजाडताच बंद पडेल अशी धास्ती होती. त्यांनी हे नवं करून घेतलं, २०००च्या जानेवारीत चालू केलं आणि जगाला वाटून टाकलं. फुकट वाटणाऱ्याला नावं ठेवू नयेत. आमच्या दळिद्राचा त्यात काही दोष नाही.

सर्व्हर म्हणजे अण्णांच्या खताच्या दुकानातला निवृत्त कॉम्प्युटर. झाकण काढलं तर आत युरियाची पांढरी पुटं. पुसला, फुंकला, त्यावर डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवली आणि 'ॲप्ट इन्स्टॉल कोहा-कॉमन' अशी आज्ञा सोडली. वाटलं, एक सॉफ्टवेअर येईल. कोहा पर्ल भाषेत लिहिलंय आणि त्याला पर्लची शेकडो लहानमोठी पॅकेजं लागतात. एका पाव्हण्याला लग्नाचं आवतन द्यावं आणि अख्खी भावकी ट्रॅक्टरात बसून यावी, तशी पडद्यावर नावांची रांग लागली. त्यांची सोय होता होता लाइट गेली.

इन्व्हर्टर आहे, पण तो अण्णांच्या केबिनमधल्या पंख्याला जोडलेला. तो काढा म्हणायची कुणाची छाती नाही.

डीपीकेजी हा डेबियनमध्ये पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम. लाइट आल्यावर यंत्राने सांगितलं, 'डीपीकेजी मध्येच खंडित झालं.' मी मोठ्यानं वाचलं. शिपाई मामा लगेच म्हणाले, "तेच सांगायलोय सर, डीपी जळालीय. उद्या दुपारपस्तोर भरोसा न्हाई." पुढे उपायाची आज्ञाही दिलेली होती: 'सुडो डीपीकेजी, दोन आडव्या रेघा, कॉन्फिगर, एक आडवी रेघ, ए'. मामांनी ती वहीत उतरवून घेतली आणि लाइनमनला दाखवतो म्हणाले.

शेवटी एकदाचं सगळं बसलं. ब्राउझर उघडला, तर कोहाऐवजी अपाचे या वेब सर्व्हरचं स्वागताचं पान, वर ठळक अक्षरांत 'इट वर्क्स!' याचा अर्थ इतकाच की वेब सर्व्हर जिवंत आहे. वाचनालयाचा अजून पत्ता नाही. पण मामांनी तेवढं इंग्रजी वाचलं होतं. "चालू झालाय म्हनायलंय की!" म्हणत ते गेले. मी 'शून्य शून्य शून्य डिफॉल्ट' नावाची साइट बंद करायची आज्ञा लिहितोय, तोवर अण्णा नारळ, पेढे आणि दोन संचालक घेऊन दारात. नारळ फुटला. पाणी कीबोर्डवर. स्पेसबार त्या दिवसापासून दोनदा दाबावा लागतो.

खरं कोहा आठ हजार ऐंशी नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या एका दारावर सापडलं. वाचकांसाठी ८०, कर्मचाऱ्यांसाठी ८०८०. तिथे आत जायचा पासवर्ड आपण ठेवायचा नसतो. कोहाच ठेवतं आणि एका फायलीत पुरून टाकतं. तो खणून काढला, तर पुढे प्रश्न: पुस्तकांच्या नोंदी मार्क २१ पद्धतीच्या की युनिमार्क? अण्णा खुर्ची ओढून बसले होते. "एकवीस घ्या. शुभ आकडा." भारतातली ग्रंथालयं बहुतेक मार्क २१च वापरतात, त्यामुळे मी त्यांना विरोध केला नाही. मग सभासदांचे प्रकार, पुस्तकांचे प्रकार, किती दिवसांची मुदत, दिवसाला दंड किती. अण्णा उत्साहाने म्हणाले, "दंड रुपया ठेवा. लोकांना शिस्त लागली पायजे. आन पहिला सभासद मी."

केलं. दाखलनोंदवहीतून पुस्तकं चढवली, देवघेवीच्या जुन्या वहीतून सभासदांकडची पुस्तकं त्यांच्या नावावर टाकायला बसलो. सभासद क्रमांक एकच्या पानावर ज्ञानेश्वरीची एक प्रत निघाली. नेल्याची तारीख २००९. नोंद केली आणि मुदत उलटल्याची तारीख लालभडक झाली.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सर," ते हळूच म्हणाले, "वही काय वाईट होती का आपली?"

मी म्हटलं, "अण्णा, 'अ' वर्ग?"

"ते बघू हो. आधी ह्याला काढायचं कसं ते सांगा. त्याची काय आज्ञा असंल ती मामाच्या वहीत लिहून द्या."