दोन खांदे, तीन कॅमेरे

लग्नाच्या हॉलमध्ये दोन कॅमेरे लटकवून उभा दिसलो की एक तरी काका जवळ येऊन विचारतातच, ‘‘एक बंद पडलाय का हो?’’ बंद एकही नसतो. उजव्या कमरेवर २४-७० मिमीची लेन्स असते, अख्खा हॉल टिपणारी, डावीवर ७०-२००, लांबचं जवळ आणणारी, आणि मधल्या जागेत लग्नाचे फोटो काढणारा मी.

काकांना तेव्हा सांगता येत नाही, म्हणून इथे सांगतो. शेवटची मंगलाष्टका संपते, ‘सावधान’ होतं, अंतरपाट निघतो, अक्षता उडतात, वाजंत्री सुरू, हार. अख्ख्या हॉलचा फोटो आणि नवरीच्या डोळ्यांचा फोटो यांत चार-पाच सेकंद मिळतात. लेन्स बदलायला शांत डोक्यानेही वीसेक सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ कॅमेऱ्याचं तोंड अक्षतांच्या पावसात उघडं. भटजींना ‘पुन्हा एकदा सावधान म्हणा’ असं सांगता येत नाही. (अलीकडे काही व्हिडिओवाले सांगतात. भटजी म्हणतातही.) म्हणून दोन बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा.

आता वजन. कॅननची फाइव्ह-डी मार्क फोर बॅटरी-कार्डासकट ८९० ग्रॅम, अशा दोन. २४-७० एफ २.८ ची (कमी उजेडातही चालणारी) दुसरी आवृत्ती ८०५ ग्रॅम, ७०-२०० ची तिसरी १४८०. झाले चार किलोंच्या वर. त्यावर दोन फ्लॅश सेलसकट चढवले की पाच. मिररलेसमुळे, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांमुळे, ओझं कमी झालं हे खरंच आहे. सोनीच्या ए-सेव्हन फोरच्या दोन बॉडी आणि याच दोन पल्ल्यांच्या सोनीच्या नव्या जीएम (वरच्या दर्जाच्या) लेन्स मिळून तीन किलोंच्या आसपास बसतात. वाचलेल्या किलोत मग आपण ८५ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स), जादा बॅटऱ्या आणि छोटा एलईडी भरतो, नि खांदा होता तिथेच राहतो.

दोन गळपट्टे घालायचा विचारही करू नका, दुपारपर्यंत त्यांची वेणी होते. पाठीवर फुली येणारा चामडी दुहेरी पट्टा घ्यावा. त्याचे हुक ट्रायपॉडच्या पाव इंची भोकात बसवलेल्या स्क्रूला अडकतात. ७०-२०० असलेला कॅमेरा मात्र बॉडीच्या तळाला लटकवू नये, लेन्सच्या कॉलरला, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्याला, लटकवावा. नाहीतर दीड किलोचा सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर, येतो. चालताना हे स्क्रू हळूहळू सैल होतात. दर विधीनंतर बोटाने पीळ तपासायचा, शिवाय कॅमेऱ्याच्या कडीतून एक सुरक्षा दोरी हवीच. वाकायचं ते गुडघ्यांतून, दोन्ही हात दोन्ही लेन्सवर ठेवून. कमरेतून वाकलात तर दोन्ही कॅमेरे पुढे झेपावून एकमेकांना भेटतात, तेही व्याह्यांच्या जोशात. आणि लटकलेली लेन्स नेमकी पाच वर्षांच्या मुलाच्या कपाळाच्या उंचीवर येते. लेन्सच्या तोंडावरचा हूड दोघांनाही वाचवतो.

अक्षतेचा दाणा फ्लॅशच्या बुटात (कॅमेऱ्यावर फ्लॅश सरकवायच्या खाचेत) अडकला की फ्लॅश पूर्ण आत सरकत नाही आणि ऐन वेळी पेटत नाही. दाताची काडी खिशात असू द्या. हळदीत लेन्स बदलायचीच नाही. पूड बसलीच तर आधी ब्लोअर (हवा मारणारा रबरी फुगा), मग ब्रश. ओलं फडकं फिरवलंत तर कॅमेऱ्यालाच हळद लागते.

खरा घोळ घड्याळाचा. दोन कॅमेऱ्यांत तीन मिनिटांचा फरक असला की वेळेनुसार लावलेल्या फोटोंत नवरी आधी हार घालते आणि मग अंतरपाट धरला जातो. कानपिळी होऊन नवऱ्याचा कान लाल झालेला असतो, पिळणारा भाऊ नंतर उगवतो. उपाय साधा आहे. सकाळी दोन्ही घड्याळं सेकंदासकट लावायची आणि एकाच मोबाइलच्या चालत्या घड्याळाचा फोटो दोन्हींतून काढून ठेवायचा. फरक राहिलाच तर लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढे सरकवता येतात. फाइलच्या नावाची सुरुवातीची अक्षरंही दोन्हींत वेगळी ठेवा, म्हणजे कॉपी करताना एकाच क्रमांकाचे दोन फोटो एकमेकांच्या उरावर बसत नाहीत.

एका खांद्यावर कॅनन, दुसऱ्यावर निकॉन अशी सर्वधर्मसमभावाची जोडी करू नये. झूम उलट्या दिशांना फिरतात, फ्लॅशचे ट्रिगर वेगळे लागतात, आणि नवरी एका फोटोत गुलाबी तर पुढच्यात पिवळसर. एकाच कंपनीच्या बॉडी असल्या तरी पाठवणीला उन्हात येताना दोन्हींचा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) उतरवायचा. हातातला उतरतो, कमरेवरचा हॉलमधल्या ६४०० वरच राहतो आणि रडणारी आई पांढरीफटक येते.

तिसरा कॅमेरा अंगावर घेऊच नये. तो बॅकअप. बॅटरी भरलेली, कार्ड घातलेलं, घड्याळ जुळवलेलं, बटण बंद, बॅगेत. प्रश्न बॅग कुठे ठेवायची हा. स्टेजमागे ठेवली तर नवऱ्याचे बूट शोधणारी पोरं ती उघडतात. ‘‘वधूपक्षाच्या खोलीत ठेवा, कुलूप असतं,’’ असं घरचे सुचवतात. तसं ठेवायला हरकत नाही, फक्त किल्ली कोणाकडे आहे ते मुहूर्ताआधी विचारून घ्या. ती बहुतेक वेळा मामांच्या खिशात असते, आणि मंगलाष्टका चालू असताना मामा नवरीच्या पाठीशी उभे असतात.