बुवा

आमचे थोरले काका गेले त्याला आता दीड महिना झाला. दहावा-तेरावा उरकला, पेन्शनचे कागद मार्गी लागले, मी मात्र अजून त्या सकाळीच अडकलोय. पोस्ट लांबलीय, वेळ असेल तरच वाचा.

घरच्यांइतकं माणसाला कोण ओळखतं, असं आपण फार सहज म्हणतो. मला ते आता पटत नाही. घरच्यांना माणसाची औषधं माहीत असतात, पथ्य माहीत असतं, बँकेचा नॉमिनी माहीत असतो. बाकी सगळं अंदाजपंचे.

आमच्याकडे काका म्हणजे 'आवाज कमी करा'. टीव्हीवर गाण्यांची स्पर्धा लागली की ते उठून गॅलरीत जायचे. गणपतीच्या आरतीलाही त्यांचे ओठ हलतायत की नाही, कळायचं नाही. घुमे आणि अरसिक, हा आमचा निकाल कधीच लागलेला. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी पहाटे 'पेन्शनच्या कामाला' मुंबईला जायचे. पेन्शनचं असं कुठलं काम दर गुरुवारी निघतं, यावर आम्ही चुलत भावंडांनी भरपूर विनोद केले. विचारलं कुणीच नाही.

डोंबिवलीच्या स्मशानात आम्ही घरचे पंधरा-वीस जण होतो. लाकडं रचणं चाललं होतं, तेवढ्यात फाटकातून माणसं यायला लागली. कुणाच्या पाठीला ऑफिसची बॅग, कुणाच्या गळ्यात आयकार्ड, दोघं-तिघं काठी टेकत. चाळीसेक तरी असतील. पुढच्याने मला विचारलं, "बुवांना आणलं का?"

मी म्हटलं, "तुमची काहीतरी गल्लत होतेय. हे आमचे काका आहेत."

त्याने तिरडीकडे पाहिलं. "अहो, हेच बुवा," म्हणाला आणि तिथेच मटकन खाली बसला.

लोकलने जाणाऱ्यांना भजनी डबा सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सकाळच्या ठरावीक गाडीच्या ठरावीक डब्यात मंडळ जमतं, टाळ निघतात, ढोलकी नसेल तर डब्याचा पत्रा वाजतो. दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरणं लागतात, पूजा होते. जो भजन सांगतो तो बुवा. डोंबिवली ते सीएसएमटी 48 किलोमीटर, आणि काकांनी नोकरीची अठ्ठावीस वर्षं त्या अंतरात रोज भजन सांगितलं. भायखळा सुटलं की भैरवी. "वरचा सा लावला की दारात लटकणारे पण आत वळून बघायचे," एकजण मला सांगत होता. माझ्या काकांचा वरचा सा! मी त्यांचा खालचासुद्धा ऐकलेला नाही. निवृत्तीनंतर गुरुवारची बारी त्यांनी स्वतःकडे ठेवली होती.

मंडळाने विचारलं, दोन अभंग म्हणू का? आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. पण काकू म्हणाल्या, "म्हणा." आणि पहिल्यांदाच त्या तिरडीपासून उठून मंडळींजवळ आल्या, कारण त्यांना काहीतरी दिसलं होतं. काकांच्या टाळांच्या मुठीला हिरवा जरीकाठ गुंडाळलेला होता, घामाने काळपट झालेला. काकूंनी तो अंगठ्याने चोळून पाहिला. "ही साडी बोहारणीला दिली म्हणून ह्यांनी मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "चार दिवस बोलले नव्हते मी ह्यांच्याशी."

दहाव्याला नाशिकला रामकुंडावर गेलो. मंडळातले दोघं तपोवन एक्सप्रेसने मागोमाग आले. पिंड ठेवला, कावळा शिवेना. शेजारच्यांचा पिंड तेवढ्यात दोनदा शिवून झाला. मग नेहमीचं सुरू झालं: काकूंना सांभाळू, फ्लॅट विकणार नाही, धाकटीचं लग्न नीट लावून देऊ. कावळा भिंतीवरून हलेना. मंडळातल्या एकाने हळूच हात जोडले, "बुवा, गुरुवारची बारी चालू ठेवतो." तरीही नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण या माणसाला काय हवं होतं, असं सगळ्यांसमोर विचारायला लावणारा आपल्याकडे हा एकच विधी आहे, आणि तो माणूस मेल्यावर दहा दिवसांनी येतो. आम्ही अर्धा तास नुसते ठोकताळे मांडत होतो.

भेटायला येणारे म्हणतात, किती साधे, कधी कुणाला कळू दिलं नाही. मला ते ऐकवत नाही. कारण नाशिकहून परतताना कसाऱ्याच्या आसपास मला एक गोष्ट आठवली. 1994, माझी दहावी. दोन खोल्या, सात माणसं. काका दाढी करताना आरशासमोर काहीतरी गुणगुणत होते. मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "काका, जरा गप्प बसा ना." ते "हो रे बाबा" म्हणाले. वस्तऱ्याचा आवाज तेवढा येत राहिला.

हे मी काकूंना अजून सांगितलेलं नाही. इथे आधी लिहितोय, हेही विचित्रच.

तेराव्याला मंडळातले तिघं जेवायला आले होते. जाताना त्यांनी टाळ काकूंसमोर ठेवले, आठवण म्हणून राहू द्या म्हणाले. काकूंनी ते हातात घेतले, काठाचं सुटलेलं टोक आत खोचलं आणि परत दिले.

"गुरुवारी लागतील ना तुम्हाला," म्हणाल्या. "गाडी किती वाजताची असते?"