आरएक्स 100 ओढत नाही म्हणून लगेच बोअर करू नका

यामाहाच्या आरएक्स 100 सारख्या जुन्या टू-स्ट्रोक बाईकवाल्यांसाठी म्हणून एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात चार गोष्टी आहेत: गाडी ओढत नसेल तर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजून गेलंय, नवीन बोअर-पिस्टन टाका; इंजिन सीज होऊ नये (पिस्टन सिलिंडरमध्ये अडकू नये) म्हणून लिटरभर पेट्रोलला 80 मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल टाका; पांढरा धूर येतोय म्हणजे ऑइल पंप जास्त सोडतोय, तो कमी करा; आणि पिकअपसाठी सायलेन्सरच्या आतली नळी काढा. मातीत पळवायला जुनी आरएक्स 100 घेतलेली पोरं हे वाचून चालू इंजिनं उघडायला लागलीत आणि मला याचा खरंच राग येतो, कारण ही गाडी 1996 लाच बंद झालीय, कंपनीचं चांगलं सिलिंडर एकदा रिबोअर करून (आतून कापून मोठं करून) वाया घालवलं की पुन्हा तसं शोधत बसावं लागतं.

बोअर गेलंय हे गाडी न मोजता कळतच नाही. कॉम्प्रेशन गेज लावा, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून किका मारा (बंद ठेवला तर रीडिंग खोटंच कमी येतं). 120 पीएसआय (दाबाचं माप) च्या आसपास आलं तर बोअरला हातसुद्धा लावू नका, 90 च्या खाली असेल तर उघडून रिंगा बघा.

आता गेज नीट दाखवतंय तरी गाडी ओढत नाही, तर बहुतेक वेळा कुठूनतरी फालतू हवा आत जातेय. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (सिलिंडरखालच्या, क्रँक फिरतो त्या खोक्यात) येतं, पिस्टन खाली येताना ते तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे क्रँककेस हवाबंद असलीच पाहिजे. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सीलं तीस वर्षांत कडक होतात, कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबराला बारीक चिरा पडतात आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. लक्षणं ओळखू येतात: ॲक्सिलेटर सोडला तरी रेस खाली यायला वेळ लागतो, गरम झाल्यावर स्लो धरत नाही, चोक ओढला की बरी चालते, प्लग पांढराफटक निघतो. (चोकचं लक्षण पायलट जेट (कार्बोरेटरमधलं स्लोचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबला तरी येतं, म्हणून तो आधी काढून साफ करा.) मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) काढा, मागे ओलं तेलकट दिसलं तर त्या बाजूचं सील गेलंय. खात्रीच करायची तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून साधारण 6 पीएसआय हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. असल्या लीन गाडीत नवा पिस्टन टाकला तर तोही सीज होणार!

80 मिली ऑइलचं तर उलटंच होतं. ऑइल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, शिवाय मिश्रण दाट झाल्यामुळे जेटमधून कमी जातं, म्हणजे इंजिन आणखी लीन, वर प्लग काळा आणि पोर्टात कार्बन. पंप काढून मिक्स करत असाल तर चांगलं टूटी लिटरला 30 ते 40 मिली पुरतं. पंप चालू असेल तर टाकीत वेगळं ऑइल घालायची गरजच नाही.

पांढऱ्या धुराचा सल्ला सगळ्यात धोक्याचा आहे. सकाळी थंड इंजिनात थोडा धूर येणारच, पण गरम झाल्यावरही ढगच्या ढग येत असतील, धुराला जळक्या गिअर ऑइलचा वास असेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल महिन्याभरात कमी होत असेल, तर क्लचकडचं क्रँक सील गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल ओढतंय. इथे पंप कमी केलात तर पिस्टन आणि बेअरिंगला मिळायचं ऑइल तुम्ही स्वतःच बंद केलंत, धूर मात्र तसाच राहणार.

सायलेन्सरची नळी काढू नका, ती बाहेर काढून कार्बन खरवडून परत लावा. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर प्रेशरची लाट परत पाठवून बाहेर निसटणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो, नळी काढली की आवाज वाढतो आणि खालच्या रेसचा ओढ जातो, मातीत नेमका तोच लागतो. तुंबलेली नळी साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांचा पिकअप तिथल्या तिथे परत येतो.