सातवं प्रकरण का गाळायचं?

आज दुपारी जेवून हात धुतले, आमचा पुस्तकवाचनाचा ग्रुप उघडला आणि अ‍ॅडमिनदादांचा मेसेज दिसला. सातवं प्रकरण आपण गाळूया, त्यात उगाच वाद होतात, ४ जुलैला मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांची पुण्यतिथी आहे, त्याआधी त्यांचं चरित्र संपवायचंय, तर सरळ लढायांवर जाऊ. खाली एकामागोमाग एक अंगठे. मी मोजले, एकोणीस. एकानेही विचारलं नाही की का गाळायचं.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. भांडी घासताना तेच, दुकानात गिऱ्हाईकाला सुटे पैसे देताना तेच. म्हणून लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही तीसेक जण दर बुधवारी रात्री नऊला मीटवर भेटतो. दापोली, गुहागर, चिपळूण, मालवण, मुंबईतले चाकरमानी, एक ताई तर मस्कतहून येतात. एकेकाने दोन-दोन पानं मोठ्याने वाचायची, मग बोलायचं. सध्या कान्होजी आंग्र्यांचं चरित्र चाललंय. मी हर्णैची, सुवर्णदुर्ग बघत बघत मोठी झाले, कान्होजींचे वडील तुकोजी त्याच किल्ल्यावर चाकरीला होते, त्यामुळे हे पुस्तक निवडलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता हे ग्रुपवाल्यांना आठवत असेल.

आता सातव्या प्रकरणात एवढं आहे तरी काय? शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांकडून सुटून आले, इकडे ताराराणींचा वेगळा दावा, आणि कान्होजी ताराराणींच्या बाजूचे. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवलं आणि कान्होजींनी खुद्द पेशव्यालाच कैद केलं. हे वाचायला अवघड जातं, कबूल आहे. दोन्हीकडे आपलीच माणसं. पण त्यानंतरच तर बाळाजी विश्वनाथ आले ना! श्रीवर्धनचा माणूस, कोकणातला, या किनाऱ्याची नस ओळखणारा. तो बोलणी करायला गेला, तह झाला, बहिरोपंत सुटले, कान्होजी शाहू महाराजांकडे आले आणि सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, त्यांच्याकडे राहिलं. लढाई न करता जिंकलेली ही गोष्ट आहे, आणि ती आम्ही गाळणार, कारण काय तर वाद होतात.

आणि मग नवव्या प्रकरणात १७२१ साल येणार. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, गोव्याहून व्हाइसरॉय जातीने आला, आणि दोघांनाही हात हलवत परत जावं लागलं. तेव्हा कान्होजींच्या मदतीला पेशव्यांची फौज आली होती. बाजीराव आले होते, त्याच बाळाजी विश्वनाथांचा मुलगा. आता मला सांगा, ज्याने सातवं प्रकरण वाचलंच नाही त्याला हे काय कळणार? आठ वर्षांपूर्वी ज्याने पेशवा कोठडीत टाकला त्याच्यासाठी पेशवा का धावून आला? त्याला वाटणार, आले असतील, आपलेच ते. नाही हो. ते आपलं होणं कोणीतरी बसून घडवलेलं होतं.

मला आबा आठवतायत सकाळपासून. माझे आजोबा.

आबा रॉयल इंडियन नेव्हीत होते. १९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांचा उठाव झाला तेव्हा ते वीस वर्षांचे, मुंबईत कॅसल बॅरॅक्समध्ये. १८ तारखेला तलवार नावाच्या नौदल तळावरच्या पोरांनी जेवण नाकारलं, निकृष्ट खाणं आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांना कंटाळून, आणि बघता बघता बंदरातल्या जहाजांवर पसरलं. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला. २३ तारखेला सगळं संपलं. आबा नोकरीवरून काढले गेले, पेन्शन नाही काही नाही, एक पत्र्याची पेटी घेऊन हर्णैला परत आले आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या होडीवर गेले.

मी सातवीत असताना गावात त्यांचा सत्कार ठेवला होता, १५ ऑगस्टला. मांडव घातलेला, पाऊस चालू. भाषण करणाऱ्याने सांगितलं की यांनी गोळ्यांच्या वर्षावात शस्त्रागारातून दारूगोळा आणून आपल्या साथीदारांना दिला. टाळ्या. मी आईजवळ बसून नुसती फुलले होते, वर्गातल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. आणि आबा उठले, हातातला नारळ खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "मी काय नाय केलं. मी तांदळाच्या गोणींच्या मागं बसलो होतो. घाबरलेलो."

मांडवात एकदम शांतता. पुढचं कोणी ऐकलंच नाही, बँडवाल्याला खूण केली आणि कार्यक्रम उरकला. मला इतकी लाज वाटली की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

असो. परत ग्रुपवर येते. गेल्या बुधवारी सगळ्यांचा पारा चढला होता तो एका गोष्टीवर, इंग्रज कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणायचे म्हणून. मीही चिडले. पण नुसतं चिडून काय होतं? त्याला उत्तर द्यायचं तर दस्तक, म्हणजे समुद्रातून जायचा परवाना, काय होतं ते कळायला हवं. कान्होजींचं म्हणणं सरळ होतं, या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या, घेतलं तर तुमच्या गलबताला हात लागणार नाही. पोर्तुगीज तर दोनशे वर्षं हेच करत होते, त्याला ते कार्ताझ म्हणायचे, आणि त्यांना कोणी चाचा म्हटलं नाही. इंग्रजांना ते दस्तक मान्य नव्हतं एवढंच. ही दोन पानं मी वाचली तेव्हा मधेच एकाने लिहिलं, ताई जरा फास्ट, लढाई कधी येणार. कान्होजींच्या गुराबा, म्हणजे लढाऊ गलबतं, उथळ पाण्यात कशा शिरायच्या, इंग्रजांची जड जहाजं बाहेर का अडकून पडायची, हे सगळं लढाईच आहे की! भरती-ओहोटी ओळखणारा तांडेल नसता तर कसली लढाई आणि कसला विजय. हर्णैच्या कुठल्याही खलाशाला विचारा, तो सांगेल.

हो, अ‍ॅडमिनदादा खूप मेहनत घेतात, लिंक बनवतात, ज्यांच्याकडे पुस्तक नाही त्यांना पानांचे फोटो पाठवतात, आणि हो, मागच्या महिन्यात शाहू-ताराराणी विषयावर ग्रुपमध्ये जे झालं ते वाईट होतं, दोन जण सोडून गेले. मान्य. पण म्हणून पुस्तकाचाच तुकडा काढायचा?

आणि मग कुठवर काढत जाणार? १७५५ च्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग गेला. माझ्या गावासमोरचा किल्ला. कमोडोर जेम्सने घेतला आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह आले, आंग्र्यांचं आरमार जळालं, तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या कैदेत गेले आणि शेवटपर्यंत सुटले नाहीत. वडिलांनी एक पेशवा कैद केला होता, मुलगा पेशव्यांच्या कैदेत संपला. शेवटच्या प्रकरणात आहे हे. तेही गाळूया का? मग राहिलं काय, मधली चार प्रकरणं आणि डीपीला लावायला एक तलवारीचा फोटो.

चिडून लिहितेय, माहितीय मला. जरा थांबले, चहा ठेवला, बाहेर पाऊस कोसळतोय, दोनदा लाईट जाऊन आली.

आबांचं पुढचं सांगायचं राहिलं. मी दहावीनंतर एकदा धीर करून विचारलं होतं, आबा तुम्ही त्या दिवशी असं का केलंत, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? संध्याकाळची वेळ होती, खाली बंदरावर लिलाव चालू होता, ते जाळं विणत बसले होते. म्हणाले, दारूगोळा आणणारा केळशीचा होता. माझ्याच बरोबरीचा. त्याच्या पायाला गोळी लागली, जन्मभर लंगडत चालला आणि वारला, कोणी त्याला नारळ दिला नाय. "आणि हे लोक त्याचं काम माझ्या नावावर खपवतायत. मी कसं खपवून घेऊ?"

म्हणजे त्या मांडवात ते उठले ते स्वतःला कमी करायला नव्हे. त्या केळशीच्या माणसाचं नाव घ्यायला उठले होते, आणि ते नाव तोंडातून बाहेर पडायच्या आधी बँड वाजला. मी दोन दिवस ज्यांच्याशी बोलले नाही ते आबा हे होते. आजही आठवलं की पोटात तुटतं.

सातवं प्रकरण गाळलं तर बहिरोपंत गेले, बाळाजी विश्वनाथांची ती बोलणी गेली, कान्होजींचा अडेलपणा गेला आणि शेवटी ऐकून घेण्याचा मोठेपणाही गेला. चूक करू शकणारा, हट्ट धरणारा आणि मग तह पाळणारा माणूस मला हवाय. त्याच्यावर माझं प्रेम जास्त आहे, कमी नाही.

आणखी एक. कॅसल बॅरॅक्स होतं ती जागा म्हणजे जुना बॉम्बे कॅसल, कंपनी सरकारचा किल्ला. कान्होजींवर आरमारं धाडणारा गव्हर्नर बून त्याच मुंबईत बसायचा. आणि स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, नौदलाने त्या तळाला नाव दिलं आयएनएस आंग्रे. आबांना हे कळलं तेव्हा ते म्हणे खूप वेळ काही बोलले नाहीत, मग आजीला म्हणाले, बरं केलं. आजीने सांगितलेलं हे. ज्या भिंतींच्या आत ते गोणींच्या मागे बसले होते त्यांना आता कान्होजींचं नाव आहे. मी हे ग्रुपमध्ये कधी सांगितलं नाही, सातव्या प्रकरणानंतर सांगणार होते.

हे टाइप करत असतानाच गुहागरच्या एका मुलाचा पर्सनल मेसेज आला. आमच्या ग्रुपमधला सगळ्यात लहान, नेव्हीच्या भरतीची तयारी करतोय, मीटवर कधी तोंड उघडत नाही. त्याने लिहिलंय, काकी, मी पण अंगठा दिला होता, सगळ्यांनी दिला म्हणून, पण मला ते प्रकरण ऐकायचंय, माझ्याकडे पुस्तक नाहीये, तुम्ही वाचाल का.

वाचेन रे बाळा.

तर उद्या रात्री साडेनऊला मी सातवं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचणार आहे, वेगळ्या लिंकवर. ज्यांनी अंगठे दिले त्यांनीही या, दादा तुम्हीही या, माझा राग तुमच्यावर नाही, निर्णयावर आहे. वाद घालायचा तर वाचून झाल्यावर घाला, मी उठून जाणार नाही. लिंक कमेंटमध्ये टाकते. फोन आत्ताच चार्जिंगला लावलाय, लाईट गेली तर मेणबत्तीवर वाचेन, आवाज तुटला तर सांगा, ते पान परत वाचू.