युनियनचं दप्तर रद्दी नव्हे

महिनाभर नांदेड-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. गिरणी कामगारांच्या एका जुन्या युनियनचं ऑफिस रिकामं करायचंय, तिथल्या गाठोड्यांचं काय करायचं यावरून तो लिहिलेला आहे. म्हणणं असं: मराठवाड्यात कामगार आले ते एमआयडीसीबरोबर, त्याआधीच्या चळवळीच्या नुसत्या गप्पा. दप्तरातले जुने कागद बनावट, कारण एका पावतीवर १३५५ साल आहे. बाकी सगळ्या वर्गणीच्या पावत्या, आणि हिशेब तर सरकारकडे आहेतच. तेव्हा मोबाइलवर फोटो काढा आणि रद्दीत घाला.

त्यातली निम्म्याहून जास्त गाठोडी मी स्वतः सोडली, झटकली आणि पुन्हा बांधली आहेत. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी एमआयडीसीचं. तिचा कायदा १९६१ चा. औरंगाबादची कापड गिरणी १८८९ ची, सातशे माणसं कामाला असलेली. १९०० साली गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि एकट्या जालन्यात कापसाच्या नऊ जिनिंग अन् पाच प्रेस उभ्या राहिल्या. नांदेडची उस्मानशाही मिल निझामाच्या अमलातली. औरंगाबाद आणि नांदेडच्या या दोन्ही गिरण्या १९७४ च्या कायद्यानं सरकारनं ताब्यात घेतल्या, तेव्हा वाळूजच्या एमआयडीसीत बजाजचा कारखाना यायला अजून अकरा वर्षं होती. हैदराबाद संस्थानात कवी आणि कम्युनिस्ट नेते मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारखे लोक कामगारांची संघटना बांधत होते ते चाळीसच्या दशकात. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, हे मजकूर लिहिणारा विसरला.

आता ते १३५५. मजकुरात त्या पावतीचा फोटो आहे आणि खाली हिशेब मांडलाय: हिजरी १३५५ म्हणजे १९३६, तेव्हा ही युनियनच नव्हती, सबब पावती खोटी. पावती उर्दूत आहे, कारण दरबारी कामाची भाषाच उर्दू होती. पण तारीख नीट वाचा. तिथं महिना लिहिलाय ‘मेहेर’. हिजरीत मेहेर नावाचा महिनाच नाही. तो फसली सालातला, म्हणजे निझामाच्या राज्यात सरकारी कामाला चालणाऱ्या सालातला. आणि हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतं. १३५५ फसली म्हणजे १९४५ चा ऑक्टोबर ते १९४६ चा ऑक्टोबर. पावती दहा वर्षांनी अलीकडची निघाली, आणि खोटी ठरवायचं कारणच उरलं नाही. रक्कम ‘हाली’, म्हणजे निझामाच्या रुपयांत, लिहिली आहे म्हणूनही संशय घेतलाय. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हाली आणि कलदार हा फरक त्यांच्या तोंडात आहे. निझामाचे सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार. त्या काळातल्या नांदेडच्या पावतीवर नुसते ‘रुपये’ असते, तर मीच दोनदा पाहिलं असतं.

‘नुसत्या पावत्या’ या शब्दांचा मला सगळ्यात जास्त राग आला. पावतीबुकात फाडून दिलेली पावती कामगाराकडे जाते, स्थळप्रत युनियनकडे राहते. तिच्यावर नाव असतं, खातं असतं, पाळी असते, आणि सही येत नसेल तिथं निळ्या शाईचा अंगठा. बदली कामगाराचं, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लावलेल्याचं, नाव गिरणीच्या मस्टरवर आज असे, उद्या नसे. युनियनला मात्र तो महिन्याच्या महिन्याला वर्गणी देत राहायचा. दोन वर्षांपूर्वी एक बाई नवऱ्याच्या नोकरीचा पुरावा शोधत आल्या. गिरणीचं मस्टर कुठं गेलं ते कुणालाच सांगता येईना. आम्ही सात बुकं चाळली. आठव्यात नाव सापडलं: सायझिंग, म्हणजे सुताला खळ द्यायचं खातं, दुसरी पाळी. त्यांनी अंगठ्याच्या ठशावरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तो कागद पुढं किती उपयोगी पडला हा वेगळा विषय. पण त्या माणसानं तिथं काम केलं होतं, हे सांगणारा आमच्या हाती लागलेला तेवढा एकच कागद होता.

सरकारकडे प्रत आहे, हे अर्धंच खरं. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानं दरवर्षी निबंधकाकडे विवरणपत्र पाठवावं लागे. त्यात जमा-खर्च, मालमत्ता-देणी, पदाधिकाऱ्यांतले बदल आणि सभासदांची संख्या. संख्या, नावं नव्हेत. सभासदांची यादी युनियननं स्वतःकडे ठेवायची आणि सभासदाला ती पाहायचा हक्क, असं त्याच कायद्यात होतं. इतिवृत्ताची वही, संपाच्या वेळी कुणाच्या घरी किती ज्वारी पोचवली त्याच्या चिठ्ठ्या, हे तर कुठल्याच सरकारी कपाटात जात नव्हतं.

फोटो जरूर काढा, मीही काढतोय. पण मोबाइलच्या ॲपनं कागद पांढराशुभ्र केला की पेन्सिलीचं लिहिणं आणि फिकट अंगठे पुसले जातात. मागची बाजू तर कुणी उलटूनही पाहत नाही. एका पावतीमागं पेन्सिलीनं लिहिलंय, ‘पुढच्या महिन्याचे माफ, मुलगी आजारी’. ॲपमधल्या फोटोत ती ओळ दिसतच नाही.

येत्या रविवारी सकाळी गाठोडी माझ्या घरी हलवतोय, टेम्पो ठरला आहे. कसर लागलेली सहा बुकं वेगळी बांधली आहेत, ती हातानं उचलायची, फेकायची नाहीत. ज्यांना जुनी हातची उर्दू वाचता येते त्यांनी अवश्य यावं. १३५५ च्या गाठोड्यात अजून चाळीसेक कागद वाचायचे राहिलेत.