खुलासा: पॅड बदलले की ब्रेकमधली हवा काढावीच लागते?

‘नवीन पॅड घातल्यावर पेडल पार खाली गेलं म्हणजे लाइनमध्ये हवा शिरली, ब्लीडिंग (ती हवा काढणं) केल्याशिवाय ट्रक हलवू नका’ असा सल्ला फिरतोय. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या) ब्रेकच्या गाडीत ऑइलची नळी (होज) किंवा हवा काढायचं तोंड (ब्लीडर निपल) उघडलंच नसेल, तर हवा शिरायला सहसा वाटच नसते. पॅडला जागा करताना सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) पॅड दाबणारा पिस्टन मागे दाबलेला असतो. तो परत पॅडला टेकेपर्यंत पहिले काही दाब वाया जातात. गाडी हलवण्याआधी पेडल सावकाश दाबत राहा, कडक होईल. तरी स्पंजासारखं लागलं, तर मात्र हवा काढा.

पिस्टन दाबताना ब्रेक ऑइलचा डबा भरून वाहू शकतो. आधी थोडं काढून घ्या. ते सांडलं तर गाडीचा रंग खातं.

मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील आणि पेडल खाली जात असेल, तर बहुधा शू (ड्रमला आतून घासणारे तुकडे) आणि ड्रम यांतलं अंतर ठरवणारा ॲडजस्टर सैल राहिलेला असतो. ड्रम हाताने फिरवताना शू जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतपतच त्याची चक्री फिरवा. आणि एका वेळी एकच बाजू उघडा: स्प्रिंगा कशा होत्या ते दुसऱ्या बाजूला बघता येतं, फक्त आरशातल्यासारखं उलटं.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर ब्रेकला यातलं काही लागू नाही. त्याचा स्प्रिंग ब्रेक चेंबर घरी उघडूच नका. आतली दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते.