‘निदान न करता अवयव कापणे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

‘नवा उबुंटू, मोडलेला इमॅक्स आणि पुनश्च हरिओम’ या माझ्या लेखावर गेल्या बुधवारी ‘एक जुना वापरकर्ता’ अशा सहीने एक प्रतिक्रिया आली. ती मी जशीच्या तशी ठेवली आहे, त्यातले एक अक्षरही गाळलेले नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी हकिकत थोडक्यात अशी. घरचा संगणक उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ वरून २४.०४ या आवृत्तीवर नेला, तेव्हा इमॅक्स या मजकूर-संपादकाच्या (टेक्स्ट एडिटरच्या) २७.१ च्या जागी २९.३ ही आवृत्ती आली. पहिल्यांदा उघडताच निम्मी खिडकी इशाऱ्यांनी भरली आणि मी स्वतः लिहिलेली मराठी शोधाची सोय बंद पडली. त्या सोयीच्या फायलीत चार वेळा दुरुस्ती करूनही तीच चूक पुन्हा दिसू लागली, तेव्हा मी सेटिंगांचे सगळे फोल्डर बाजूला ठेवले, कोऱ्या पाटीवर सुरुवात केली आणि दोन रविवार खर्चून नवी मांडणी लिहिली. ज्यांची मांडणी माझ्यासारखीच जुनी आहे त्यांनीही तसेच करावे, असे लेखाच्या शेवटी म्हटले होते.

प्रतिक्रिया एकूण सहा वाक्यांची आहे. पहिले वाक्य असे : ‘निदान न करता अवयव कापून टाकणे याला उपचार म्हणत नाहीत, आणि असा सल्ला चारचौघांना देणे तर मुळीच शोभत नाही.’ उरलेल्या पाच वाक्यांत इमॅक्स कोऱ्या अवस्थेत उघडण्याच्या स्मॉल क्यू आणि कॅपिटल क्यू या दोन पर्यायांतला फरक, लेखातल्या पडद्याच्या चित्रातली एक ओळ, कंपाइल करून (संगणकाला झटकन वाचता यावी अशा रूपात बदलून) ठेवलेली एक जुनी फाइल, सुरुवातीच्या चुका शोधून देणारा डीबग-इनिट हा पर्याय आणि ‘नव्या आवृत्तीतल्या बदलांची नोंद आधी वाचावी’ हा उपदेश एवढे येऊन जाते. त्या पाचांकडे मी वळणारच आहे, पण पहिल्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही.

‘शोभत नाही’ हे शब्द आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात वडीलधारी माणसे लहान मुलांना उद्देशून वापरीत असत, तेही मूल जिन्याच्या कठड्यावरून घसरताना दिसले तर. एका प्रौढ माणसाने दुसऱ्या प्रौढ माणसाला, ज्याचे तोंडही त्याने पाहिलेले नाही, हे शब्द स्वतःचे नाव न देता लिहावेत, यात कोणती शोभा आहे हे त्यांनीच सांगावे. मतभेद असू शकतात, आणि मला ते आवडतातही. ‘तुमचे हे पाऊल मला घाईचे वाटले’ एवढे लिहिले असते तरी मुद्दा पोहोचला असता.

मुळात उपमाच चुकली आहे. अवयव कापला की तो पुन्हा चिकटत नाही. मी फोल्डर पुसलेले नाही, त्याचे नाव बदलून शेवटी ‘जुने’ असे जोडले आहे, आणि त्याच डिस्कवर ते आजही सुखरूप आहे. एका ओळीची आज्ञा दिली की ते होते तिथे परत येते. याला शस्त्रक्रिया म्हणायचे असेल तर दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर टाकलेल्या ट्रंकेलाही अंत्यविधी म्हणावे लागेल.

आता ‘निदान न करता’ या शब्दांविषयी. खिडकी भरून आलेले इशारे कशाचे होते, हे मी लेखात एक पूर्ण परिच्छेद खर्चून सांगितले आहे. २८ व्या आवृत्तीपासून इमॅक्सला लिस्प या त्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फायली थेट यंत्रभाषेत उतरवता येतात, उबुंटू २४.०४ वर मिळणाऱ्या इमॅक्समध्ये ही सोय चालू असते, आणि पाठीमागे हे काम चालू असताना कोणाच्या तरी पॅकेजमधले वर्णनाचे वाक्य ८० अक्षरांपेक्षा लांब आहे असल्या तक्रारी तो समोर मांडत बसतो. त्या निरुपद्रवी असतात आणि एका सेटिंगने त्यांना गप्प करता येते. निदान न करणारा माणूस एवढे लिहू शकला असता का? डीबग-इनिटही मी चालवला होता. त्याने ‘सिम्बल्स फंक्शन डेफिनिशन इज व्हॉइड’ असे सांगितले, म्हणजे जे फंक्शन नव्या आवृत्तीत उरलेलेच नाही त्याला कोणीतरी हाक मारत होते. ती हाक मी माझ्या फायलीतून काढून टाकली, आणि पुढच्या वेळी उघडले तर तीच चूक. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी कोणत्याही समंजस माणसाचा निष्कर्ष हाच निघेल की मांडणी आतून सडली आहे.

आणि ही फाइल कोणती? ‘तऱ्हा’ हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक नुक्त्याचा ऱ घेऊन आणि दुसरी साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. ‘वऱ्हाड’, ‘कोऱ्या’, ‘सुऱ्या’ यांचेही तेच. या दोन्ही रूपांना शोधताना एकच मानणारी साठेक ओळींची फाइल मी २०१५ साली स्वतः लिहिली. स्वतःच्या हातची फाइल माळ्यावर टाकताना माणूस चार वेळा विचार करतो, हे जुन्या वापरकर्त्यांना कळायला हवे होते.

‘जुना’ या शब्दावरूनही थोडे बोलतो, कारण सहीत तो मुद्दाम घातलेला दिसतो. मी इमॅक्स वापरतो तो १९९९ पासून. तेव्हा लिनक्स डाउनलोड करीत नसत, मासिकासोबत आलेली सीडी मित्रांत फिरत असे, आणि ती माझ्यापर्यंत पोहोचली तेव्हा तिच्यावर इतके ओरखडे होते की इन्स्टॉलेशन तिसऱ्या प्रयत्नात पार पडले. लिस्पचे पहिले पुस्तक मी अप्पा बळवंत चौकातून जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतले, आणि वीज गेली की कंदिलाच्या उजेडात वाचले. पुढे हिंजवडीच्या एका कंपनीत माझ्या शेजारी बसणारी तरुण मुले मजकूर-संपादक दर सहा महिन्यांनी बदलत, मी एकदाही बदलला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. पण ‘बदलांची नोंद आधी वाचावी’ हे मला कोणी शिकवावे, याला काही मर्यादा असावी.

एका बाबतीत प्रतिक्रियाकारांचे म्हणणे बरोबर आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. कोऱ्या अवस्थेत इमॅक्स उघडण्यासाठी लेखात मी स्मॉल क्यू सांगितला होता. त्याने फक्त आपली स्वतःची सेटिंगे टळतात, सिस्टिमने बसवलेली सर्वांसाठीची सुरुवातीची फाइल तरीही वाचली जाते. तीही टाळायची असेल तर कॅपिटल क्यू हवा. चूक माझी, आणि ती दाखवल्याबद्दल आभार.

राहिला तो जुन्या कंपाइल केलेल्या फायलीचा मुद्दा. त्यांचे म्हणणे असे की मी दुरुस्ती मूळ फायलीत करीत होतो आणि इमॅक्स वाचत होता तिची २०१५ साली कंपाइल केलेली प्रत, आणि लेखातल्या चित्रात अगदी तळाशी ‘मूळ फाइल कंपाइल केलेल्या फायलीपेक्षा नवी आहे, जुनी वापरत आहे’ या अर्थाची इंग्रजी ओळ दिसते आहे. इमॅक्स असे वागतो हे खरे आहे, आणि तसे वागू नये यासाठी इमॅक्सच्याच २४.४ या आवृत्तीपासून ‘लोड-प्रिफर-न्यूअर’ नावाचे सेटिंगही आहे. असेल तसे. केवळ कुतूहल म्हणून काल रात्री जुने फोल्डर परत जागेवर आणले, ती कंपाइल केलेली प्रत काढून टाकली आणि इमॅक्स उघडला. शोध चालू झाला. ‘सीएल’ हे लिस्पचे जुने पॅकेज कालबाह्य असल्याची ओळ मात्र तरीही आलीच, त्यामुळे सगळा दोष एकाच फायलीचा होता असे म्हणता येणार नाही. (ही ओळ २७.१ मध्येही येत असे, तो भाग वेगळा.)

लेखात स्मॉल क्यूच्या जागी कॅपिटल क्यू असा बदल आज सकाळी केला आहे. चित्राचा तळाचा भाग मोबाइलवर नीट बसत नव्हता, म्हणून तेवढा कापला आहे.